मागच्या बाकावरचा माणूस

“नाही म्हणायला किती वेळ लागतो?” गोळीवाल्या बाईंनी विचारलं.

“एक सेकंद!” सातवीचा अख्खा वर्ग ओरडला.

“खोटं. समोर जिवलग मैत्रीण उभी आहे. हातावर गोळी ठेवून म्हणतेय, घे गं, परीक्षेचं टेन्शन पळून जातं. होतं एका सेकंदात? मला तर दारावरच्या फेरीवाल्याला नको म्हणायला अर्धा तास लागतो. तीन झाडू झालेत घरात.”

वर्ग खदखदून हसला. मुलं हसली की बाई मुद्द्यावर यायच्या. आजही त्या तोंड उघडणार तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. दाराशी गोडबोल्या उभा होता.

तीन औषधदुकानांचा मालक. दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाशी तो इतकं गोड बोलायचा की गावाने त्याचं खरं नाव कधीच पुसून टाकलं होतं. घंटा होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. मुलं बाहेर पडल्यावर आत आला आणि हात जोडून म्हणाला, “ताई, दोन मिनिटं देता? माझी नात… अकरावीत आहे. गोळ्या घेते. वर्ष झालं म्हणे. आम्हाला परवा कळलं.”

“कोणत्या गोळ्या?”

“झोपेच्या.” तो खाली बघत म्हणाला. “माझ्याच दुकानातल्या.”

बाईंनी खडू डबीत ठेवला आणि डबीचं झाकण लावलं. हाताला काहीतरी काम हवं होतं.

नऊ वर्षांपूर्वी बाई याच शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. बाटल्या धुवायच्या, लेबलं लावायची, ॲसिडला कुलूप घालायचं. घरी एकुलती एक मुलगी, घाऱ्या डोळ्यांची, म्हणून तिला सगळे घारीच म्हणायचे. शाळेतलं विष कुलपात ठेवणाऱ्या बाईंना घरातलं दिसलं नाही. अठराव्या वर्षी घारी झोपली ती उठलीच नाही. तिच्या कॉलेजच्या पिशवीत गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली, ती गोडबोल्याच्या दुकानाचा शिक्का असलेल्या कागदी पुडीत होती. पोलीस म्हणाले, “बाई, शिक्का पुडीवर आहे, गोळीवर नाही.” विषय संपला.

महिन्याने बाई त्याच्या दुकानात गेल्या होत्या. काय करायला, त्यांनाही ठाऊक नव्हतं. रांगेत नंबर आला. “काय देऊ, ताई?” त्याने इतक्या मायेने विचारलं की बाईंची वाचाच बसली. “कापूस,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. कापूस घेऊन त्या घरी आल्या.

त्यानंतर त्यांनी व्यसनमुक्तीचं प्रशिक्षण घेतलं आणि शाळाशाळांतून कार्यक्रम सुरू केले. मुलं त्यांना गोळीवाल्या बाई म्हणू लागली. शनिवारी दुपारी चार वाजता पालकांची बैठक. लोक म्हणाले, बिचारीने दुःखाला वाट करून दिली. कोणी सेवा म्हणालं, कोणी सत्कार केला. बाई शाल घेत, मान डोलवत आणि मनात म्हणत, सेवा कसली डोंबलाची! गोडबोल्याने दुसरं दुकान काढलं, बाईंनी त्याच्याशेजारची शाळा धरली. त्याने तिसरं काढलं, बाई तिथल्या वस्तीत दारोदार फिरल्या. नाही म्हणायला शिकलेलं प्रत्येक पोर म्हणजे त्याच्या हातातून ओढून घेतलेलं एक गिऱ्हाईक. औषध निरीक्षकाकडे त्यांनी चार अर्ज केले होते. दर वेळी उत्तर एकच: पुरावा आणा.

आणि आज तो स्वतःच्या पायांनी चालत आला होता. बाई कोणाची आई हेही त्याला माहीत नव्हतं.

“नातीला उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात आणा,” बाई म्हणाल्या. “डॉक्टरांशी मी बोलते. गोळ्या एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. आणि शनिवारी बैठकीला या. घरच्यांनी यावंच लागतं.”

“चारचौघांत बोलायचं, ताई?”

“इथलं बोलणं इथेच राहतं. पहिला नियम आहे आमचा.”

तो गेला. बाईंनी फोन काढून निरीक्षकाला लावला.

“शनिवारी चारला या. साध्या कपड्यांत. मागच्या बाकावर पालक म्हणून बसा. कोणी विचारलं तर पुतण्यासाठी आलोय म्हणा.”

पलीकडून प्रश्न आला, “बाई, तुमच्या बैठकीत हे बसतं का?”

“नऊ वर्षं तुम्ही पुरावा मागताय. मी पुरावा बोलता करून देते. बसतं की नाही ते माझं मी बघेन.”

शनिवारी अठरा-वीस जण होते. शिवणकामवाली नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर होती. तिच्या मुलाने सात आठवडे गोळीला हात लावला नव्हता आणि ती दर शनिवारी ते आठवडे पोटच्या बाळाच्या महिन्यांसारखे सांगायची. गोडबोल्या मधल्या बाकावर अंग चोरून बसला होता. अगदी मागे एक अनोळखी माणूस होता. बाईंनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

“आपण सांगता?” बाईंनी गोडबोल्याला विचारलं.

त्याने नातीचं सांगितलं. सांगताना रडला. शिवणकामवालीने मागे वळून त्याला पाण्याची बाटली दिली.

“गोळ्या तिला मिळाल्या कुठे?”

“दुकानात. म्हणजे… दुकानामागच्या माळ्यावर. त्या वेगळ्या ठेवतो मी.”

“वेगळ्या का?”

तो बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

“इथे लपवून उपयोग नाही,” बाई मऊ आवाजात म्हणाल्या. हा आवाज त्या त्याच्याकडूनच शिकल्या होत्या. “पोरीला वाचवायचंय ना?”

“चिठ्ठीशिवाय द्यायच्या असतात, म्हणून.” बांध फुटल्यासारखा तो बोलू लागला. “बरीच वर्षं झाली. मी नाही दिल्या तर दुसरा देईल, असं म्हणायचो. स्टँडवरचा एक हमाल होता. शिकवणीचे एक मास्तर. जुळ्यांतला थोरला…”

“आणि मुली?”

“होत्या दोन-तीन. पोस्टमास्तरांची एक. बाकीच्या लक्षात नाहीत.”

“घाऱ्या डोळ्यांची? कॉलेजची? खांद्याला निळी पिशवी?”

गोडबोल्याने डोळे मिटले. खरोखर आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या.

“नाही आठवत, ताई,” तो म्हणाला. “आता खोटं कशाला बोलू?”

तो खोटं बोलत नव्हता. तो खोटं बोलला असता, थरथरला असता, पाया पडला असता, तर बाईंना चाललं असतं. नऊ वर्षं त्या ज्याच्या मागावर होत्या, त्याच्या डोक्यात घारी कधी नव्हतीच. एक हात पुढे आला होता, त्याने पुडी दिली होती.

“पुढे कोण बोलतंय?” बाईंनी विचारलं. आवाज आपलाच आहे का, अशी त्यांना शंका आली.

सोमवारी धाड पडली. माळ्यावरून खोकीच्या खोकी उतरली. तिन्ही दुकानांना सील लागलं, गोडबोल्याला अटक झाली, चार दिवसांनी जामीन मिळाला. धाडीच्या वेळी बाई समोरच्या फुटपाथवर उभ्या राहून सगळं बघत होत्या. कुलपावर लाख टपकली तेव्हा त्यांच्या छातीत काहीतरी थंडगार झालं. त्यांना बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. त्यात खोटं काही नव्हतं.

पण फुटपाथवर त्या एकट्या नव्हत्या. खोकी मोजणाऱ्या साहेबाला बघून गर्दीतलं कोणीतरी म्हणालं, “अरे, हा तर शनिवारी मागच्या बाकावर होता!”

पुढच्या शनिवारी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाई शिवणकामवालीच्या घरी गेल्या. तिने साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

“मुलगा कसा आहे?”

“बरा आहे.”

“बैठकीला या ना. त्या माणसाला मी फक्त त्या दिवशी…”

“बाई,” ती म्हणाली, “तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझा गेला असता तर मीही हेच केलं असतं, याहून वाईट केलं असतं. पण माझा जिवंत आहे हो. तुमच्यासमोर मी त्याचं काय काय बोलले, कुठून आणतो, कोणाबरोबर बसतो, ते आठवत बसते रात्रंदिवस. उद्या त्याच्यामागे कोणी आलं तर?”

“कोणी येणार नाही. माझा शब्द.”

तिने दार लावलं, तेही हळूच, आवाज न करता. धाडकन लावलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना जिना उतरताना वाटलं.

तरी तिसऱ्या शनिवारी त्या गेल्या. बाक सरळ केले, फळा पुसला. साडेचार वाजता पावलं वाजली. गोडबोल्या आत आला. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. त्याने रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली.

“बैठक आहे ना?”

“आहे.”

तो पहिल्या बाकावर बसला. मग म्हणाला, “मला लोकांनी सांगितलं. ती घाऱ्या डोळ्यांची तुमची…”

“तिच्याबद्दल तुम्ही बोलायचं नाही,” बाई म्हणाल्या. “आज नाही, कधीच नाही. तो अधिकार तुम्हाला नाही.”

त्याने मान हलवली.

“मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करणारही नाही. कोर्टात साक्षीला उभी राहणार आहे. हे कळून इथे बसायचं असेल तर बसा.”

“कळलंय.” त्याचा आवाज कोरडा होता, त्यात गोड असं काही उरलं नव्हतं. “डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली. पोरगी थरथरते. आईला ओरबाडते. काल मला म्हणाली… काय म्हणाली ते मी घरात कोणाला सांगू शकत नाही. दुसरीकडे कुठे जाऊ, ताई?”

बाहेर मैदानात मुलांचा खेळ रंगला होता. दोघं-तिघं चेंडू शोधत खिडकीजवळ आले होते.

“थांबा,” बाई म्हणाल्या. त्या उठल्या, दार लावून कडी घातली, मग खिडकीशी जाऊन दोन्ही झडपा ओढून घेतल्या. नीट बसल्या की नाही ते हाताने दाबून पाहिलं. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

“हं,” त्या म्हणाल्या, “काय म्हणाली पोरगी?”