असईचा गोलंदाज

"दरसाली बोलावता नं साहेब तुम्ही यांना? औंदा काहून न्हाई बोलावलं?" असईच्या मच्छिंद्रांच्या बायकोनं, उषाबाईंनी, फोनवर खुशाली वगैरे काही न विचारता भालचंद्ररावांना थेट सवाल टाकला.

बोलावलं नव्हतं हे खरंच होतं, आणि ठरवून बोलावलं नव्हतं. ज्या माणसाचा एकुलता एक मुलगा मार्चमध्ये तिरंग्यात गुंडाळून गावी आला, त्याला सप्टेंबरमध्ये 'या, लढाई खेळू' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? भालचंद्ररावांची उभी हयात बँकेत गेलेली. शब्द तोलून वापरायची सवय. "बघू, वहिनी," एवढंच ते म्हणाले.

"बघू नका, बोलवा. घरात येकच बोलणं चालू राह्यलं, पेटी उघडली न्हाई, पेटी उघडली न्हाई. रोज सांजच्याला जाफराबादच्या स्टँडवर जाऊन बसतेत. शेवटची गाडी आली का वापस येतेत. मी सांगून सांगून थकले. तुमच्याकडं तरी येतील ते."

भालचंद्ररावांचा छंद हा जालन्यातल्या त्यांच्या कॉलनीत चेष्टेचा विषय होता. रिटायर झालेली माणसं सकाळी फिरायला जातात, दुपारी वामकुक्षी घेतात. हे गृहस्थ इंचभर उंचीचे शिपाई, नखाएवढ्या तोफा आणि दारूगोळ्याचे छकडे समोर मांडून, डोळ्याला भिंग लावून रंगवत बसायचे. त्यांच्या पत्नी शरयूबाई विचारणाऱ्याला सांगायच्या, "आमच्याकडे भातुकली चालते." पण ही भातुकली सोपी नव्हती. असईची लढाई, सप्टेंबर अठराशे तीन. एकीकडे शिंदे-भोसल्यांची फौज, दुसरीकडे इंग्रज, मधे केळना आणि जुई या दोन नद्या. असई जालना जिल्ह्यातच, तेव्हा ते रान जसंच्या तसं टेबलावर उभं करायचं, असा भालचंद्ररावांचा हट्ट. त्यासाठी ते टेप घेऊन असईच्या शिवारात हिंडत असताना मच्छिंद्र बांधावरून ओरडले होते, "ओ साहेब, रस्ता आमच्या वावरातून काढता का?" जमीन संपादन करणारे आले असं त्यांना वाटलं. खरा प्रकार कळल्यावर ते पोट धरून हसले आणि साहेबांना चहाला घरी घेऊन गेले. पुढच्या सप्टेंबरात फासे टाकून ती लढाई खेळताना ते टेबलाच्या पलीकडे, मराठ्यांच्या फौजेमागे उभे होते. तेव्हापासून एकही सप्टेंबर चुकला नव्हता.

वडिलांबरोबर भागवतही यायचा. शाळेत होता तेव्हा त्यानं एका सुट्टीत एक गोलंदाज, म्हणजे तोफ डागणारा शिपाई, रंगवला. आधी सगळ्या अंगाला काळा हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग कपडे, आणि चेहरा सगळ्यात शेवटी, असं भालचंद्ररावांनी चार वेळा बजावलं होतं. पठ्ठ्यानं चेहराच आधी रंगवला आणि मिशी अशी ओढली की ती थेट कानाला जाऊन भिडली. तो गोलंदाज चौथ्या तोफेवर उभा राहिला आणि तिथलाच झाला. पुढे भागवत खऱ्या तोफखान्यात भरती झाला तेव्हा मच्छिंद्र पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "तुमच्याच टेबलावर नाद लागला बरं का त्याला!" पेढा तेव्हा गोड लागला होता. आता ते वाक्य आठवलं की भालचंद्रराव हातातला ब्रश खाली ठेवायचे.

मार्चमध्ये बर्फाच्या रस्त्यावर भागवतची तोफ ओढणारी गाडी दरीत गेली. पेटी आली ती बंद. सोबत आलेल्या जवानांनी हात जोडून सांगितलं, उघडू नका. मच्छिंद्रांनी खांदा दिला, अग्नी दिला, दहावा-तेरावा केला, पण दुसऱ्याच कुणाच्या मयताला आल्यासारखं. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते स्टँडवर जाऊन बसायला लागले.

आणि भालचंद्ररावांकडे मच्छिंद्रांना न बोलावण्याचं आणखी एक कारण होतं. ते त्यांनी शरयूबाईंनाही सांगितलं नव्हतं. असईला इंग्रजांची रांग तोफांवर चालून आली तेव्हा मराठ्यांचे गोलंदाज जागचे हलले नाहीत, तोफेपाशीच कापले गेले. त्यातले काही मात्र मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. रांग पुढे निघून गेली तसे ते उठले, तोफा वळवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर गोळे टाकले. म्हणून या दोघांनी आपल्या खेळात नियम करून ठेवला होता. पडलेल्या गोलंदाजासाठी फासा टाकायचा, पाच किंवा सहा आले तर तो उठतो. मच्छिंद्रांचा हा सगळ्यात लाडका नियम. मेलेला माणूस जिथे उठून उभा राहतो त्या टेबलापुढे, पेटी उघडली नाही म्हणणाऱ्या बापाला आणायचं? वेड आणखी पक्कं झालं तर ते पाप कुणाच्या माथी?

पण उषाबाईंचा शब्द मोडवेना. भालचंद्ररावांनी फोन करून बोलावलं. मच्छिंद्र नुसतं "येतो" म्हणाले. मग भालचंद्ररावांनी आपल्या मनानं दोन गोष्टी ठरवल्या. उठण्याचा नियम यंदा काढून टाकायचा. आणि भागवतचा गोलंदाज त्यांनी चौथ्या तोफेवरून उचलला, रंगाच्या बाटल्यांमागे कपाटात ठेवला, त्याच्या जागी दुसरा उभा केला. आपण फार समंजसपणा केला, असं त्यांना त्या वेळी वाटलं.

रविवारी नवरा-बायको एसटीनं आले. मच्छिंद्र निम्मे झाले होते, शर्ट खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबत होता. उषाबाई शरयूबाईंबरोबर आत स्वयंपाकघरात गेल्या. मच्छिंद्र टेबलापाशी आले, नद्यांवरून, गावावरून नजर फिरवत तोफांपाशी थांबले.

"चौथ्या तोफंवरचा कुठंय?"

"कोण?" भालचंद्रराव म्हणाले, आणि म्हणताक्षणीच त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मला इचारता, कोण?"

"भाऊ, म्हटलं यंदा राहू द्यावा. तुम्हाला उगीच त्रास..."

"काढा त्याला भाहेर." मच्छिंद्रांचा आवाज चढला नव्हता. "बाकीच्यांच्या लेकरांनी तोफंवर उभं राह्यचं आन माझ्यानं कपाटात लपून बसायचं? त्यानं केलं असतं का असं? काढा."

भालचंद्ररावांनी खाली मान घालून कपाट उघडलं. मच्छिंद्रांनी तो गोलंदाज तळहातावर घेतला, अंगठ्यानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि त्याला त्याच्या जागी उभा केला. "आन बराबर खेळा, साहेब. मेहरबानी करून खेळू नका. मला कळतंय ते."

खेळ सुरू झाला. या टेबलावरचा रिवाज असा की ज्याची फौज त्यानंच हलवायची, दुसऱ्याच्या शिपायाला बोट लावायचं नाही, आणि आपला मेलेला आपणच आडवा करायचा. लाल डगल्यांची रांग केळना ओलांडून आली. मच्छिंद्रांच्या तोफा चांगल्या चालल्या. दोन तुकड्या त्यांनी नदीकाठीच झोपवल्या. एरवी अशा वेळी ते मांडीवर थाप मारायचे. आज ते फक्त पुढचा फासा उचलत होते. भालचंद्रराव सांगितल्याप्रमाणे बरोबर खेळत होते, आणि तसं खेळणं त्यांच्या जिवावर आलं होतं. दुपारच्या चहाच्या सुमाराला रांग तोफांना जाऊन भिडली. पहिली तोफ पडली, दुसरी, तिसरी. मग चौथी. मच्छिंद्रांनी कानापर्यंत मिशी असलेल्या गोलंदाजाला दोन बोटांत धरलं आणि तोफेच्या चाकाशी हळूच आडवं केलं.

रांग पुढे निघून गेली. भालचंद्रराव म्हणाले, "भाऊ, तो उठण्याचा नियम यंदा नको."

"काहून?"

"नको, इतकंच."

"उठले व्हते का न्हाई? खरं सांगा."

"उठले होते."

"मंग?" आणि मच्छिंद्रांनी फासा उचलला.

पहिल्या तोफेला दोन पडले. दुसरीला सहा. मच्छिंद्रांनी झटकन त्या गोलंदाजाला उभा केला, तोफ फिरवली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे डोळे चमकले. "पाह्यलं का? उठतंय माणूस. सगळे म्हणतेत गेला, आन माणूस उठतंय." भालचंद्ररावांनी आपले घोडेस्वार कुठे आहेत ते पाहिलं. ज्याला भीत होतो तेच समोर आलं, आणि आणलं आपणच.

आता चाल त्यांची होती. खऱ्या लढाईत घोडेस्वार मागे वळले होते आणि उठलेल्या गोलंदाजांना त्यांनी पुन्हा कापलं होतं. घोडेस्वार तसेच पुढे जाऊ द्यावेत, चूक झाली म्हणावं, असं भालचंद्ररावांच्या मनात आलं. पण कपाटात गोलंदाज लपवून त्यांनी एकदा दया दाखवून पाहिली होती, आणि तिचं काय झालं तेही पाहिलं होतं. त्यांनी घोडेस्वार वळवले. फासा टाकला. उठलेला गोलंदाज पडला.

मच्छिंद्रांनी त्याला दुसऱ्यांदा आडवा केला. बोट त्याच्यावरून काढायला त्यांना वेळ लागला. तिसऱ्या तोफेसाठी त्यांनी फासा टाकला तो टाकायचा म्हणून, एक पडला. मग ते चौथ्या तोफेपुढे आले आणि फासा मुठीत धरून उभे राहिले. आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता.

"साहेब, ह्यो उठला तर तुमचे घोडेस्वार वापस येतील?"

एका शब्दाचं काम होतं. नाही म्हटलं असतं तर मच्छिंद्र घरी जाऊन कदाचित शांत झोपले असते, आणि उद्या संध्याकाळी पुन्हा स्टँडवर गेले असते.

"येतील," भालचंद्रराव म्हणाले.

"आन मारताल त्याला? पुन्हा?"

"मारावं लागेल, भाऊ."

मच्छिंद्रांनी आडव्या पडलेल्या गोलंदाजाकडे पाहिलं. मूठ उघडली, मिटली, परत उघडली. फासा त्यांनी टाकला नाही. टेबलाच्या कडेला, नदीच्याही बाहेर, नीट ठेवून दिला.

"मंग नको," ते म्हणाले. "येकदा झालं तेवढं बास झालं त्याला."

आणि ते खाली बसले. खुर्चीवर नाही, जिथे उभे होते तिथेच जमिनीवर, टेबलाच्या पायाला धरून. छातीतून आधी नुसता वारा निघावा तसा आवाज आला. भालचंद्रराव धावले, त्यांच्या खांद्याला हात लावला, पण मच्छिंद्रांचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "भागवतची माय! ए भागवतची माय! लेकरू गेलं आपलं!"

उषाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि दारातच थबकल्या. नवऱ्याच्या तोंडून हे ऐकण्यासाठीच त्यांनी फोन केला होता, आणि आता ऐकल्यावर त्यांना पुढे पाऊल टाकवेना. मग त्या त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "हाव," त्या म्हणाल्या, "गेलं," आणि त्यांनी हंबरडा फोडला. मार्चपासून त्यांनाही रडायला सोबत नव्हती.