खिळा ठोकू काय?

दोस्ताला घर भाड्यानं देऊ नये, असं शेजारच्या नत्थुजींनी मला बजावलं होतं. "देवमन गुरुजी, अशानं दोस्तबी जाते अन् भाडेकरूबी." मी फाडकन म्हटलं, तुमचे जात असतील, माझा खुशाल तसा नाही. माझी जीभ अशीच आहे, आधी सुटते आणि मग मी तिच्यामागे धावतो.

खुशालराव अकोटचा, शाळेपासूनचा दोस्त. जिनिंगमध्ये तीस वर्षं कापसात काढली, तो कापूस छातीत जाऊन बसला. बायको वारल्यावर तो दम्याच्या औषधासाठी दर आठवड्याला अमरावतीची एसटी धरू लागला. मी म्हटलं, माझी वरची खोली रिकामी आहे, येऊन राहा. त्याची एकच अट. "भाडं घेशील तं येतो, नाई तं नाई." मी घेतलं, आणि तिथंच माती खाल्ली.

आधी हा माणूस आला की चपला काढता काढता थेट स्वयंपाकघरात शिरायचा, "वहिनी, चहा ठेवा" म्हणत. वर राहायला आल्यावर बेल वाजवू लागला. एकदा खाली येऊन विचारतो, "कॅलेंडरसाठी खिळा ठोकू काय?" आणि मी शहाण्यानं उत्तर दिलं, "ठोक, पन जपून. पलस्तर उडते." त्यानं खिळा ठोकलाच नाही. कॅलेंडर गुंडाळून उशाशी ठेवून दिलं.

या भिंती जपायला मी त्याला सांगावं, याची मला आज लाज वाटते. घर बांधलं तेव्हा माझी नोकरी वर डोंगरात, सेमाडोहच्या शाळेवर होती, महिना महिना खाली उतरणं होत नसे. जिनिंग उन्हाळ्यात बंद असायचं. खुशाल तो सगळा उन्हाळा इथं टिनाच्या शेडमध्ये राहिला आणि सकाळ-संध्याकाळ भिंतींवर, स्लॅबवर पाणी मारत राहिला. मिस्त्रीनं सांगितलं होतं, पाणी कमी पडलं तर भिंती तडकतील. वीस वर्षं झाली, घराला केसाएवढी भेग नाही.

यंदा मे लागला, पारा पंचेचाळिसावर गेला आणि वरचा कूलर एकाएकी बंद झाला. मला वाटलं, बिघडला असेल. बुद्धपौर्णिमेच्या खिरीसाठी दरवर्षी अकोटहून येणारा खुशाल यंदा एक जिना उतरून आला नाही. आशाबाई, म्हणजे आमची मंडळी, वाटी घेऊन वर गेली, तर म्हणाला, पोट बरं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर हा चौकातल्या हापशीवरून पाण्याची कॅन भरून आणतोय. तीन पायऱ्या चढायच्या, थांबायचं, धापा टाकायच्या. मी भडकलोच.

"का बे, घरात पानी नाही काय?"

"आहे ना," तो म्हणाला. "तुह्यं आहे."

आणि चढून गेला. आठवडा झाला नसेल, बेल वाजवून खाली आला. बडनेऱ्याला खोली पाहिली आहे, आजच जातो, असं म्हणून वरची चावी टेबलावर ठेवली. राग आला की मी ओरडतो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्या दिवशी मला ओरडताच येईना. नत्थुजी खरे ठरले, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"कावून जाऊन राहिले, भाऊजी?" आशाबाईनं विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "वहिनी, म्या माह्या कानानं ऐकलं. देवमन फोनवर तुमच्या पोराले, अनुपले सांगून राहिला होता. म्हातारा झाला तो आता, म्हने. दिवसभर घरघर, पानी तं इतकं पिते का इचारू नको. या महिन्यात काढूनच टाकतो त्याले, म्हने."

आशाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली, ती काही थांबेना. मी खुशालचं मनगट धरलं आणि त्याला ओढत मागच्या अंगणात नेलं. तिथं आमचा जुना कूलर भंगारवाल्याची वाट पाहत आडवा पडला होता, खालचा पत्रा गंजून गेलेला.

"याले, गधड्या! याले काढून टाकतो म्हनलो मी!"

पोरगा पुण्याहून नवा कूलर पाठवतो म्हणत होता, त्यावरचं ते बोलणं. आणि मी बोलतो ते वर्गात बोलल्यासारखं, शेवटच्या बाकापर्यंत.

खुशाल त्या पत्र्याकडे बघत राहिला. "घरघर तं मीबी करतो," तो हळूच म्हणाला. "पानीबी लय लागते मले."

"मंग पी ना बाप्पा! या घरानं उन्हाळाभर तुह्या हातचं पानी पेलं, म्हनून उभं आहे ते. तू पेल्यानं का आटून जाईन?"

आमच्यात आभार मानायची रीत नाही, वीस वर्षांत मी त्याला एका शब्दानं काही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. "तुह्ये लय उपकार आहेत माह्यावर, खुशाल."

त्यानं डोळे पुसले. "आता तूबी बेल वाजवून बोलून राहिला काय?"

चावी घेऊन तो वर गेला. थोड्या वेळानं कूलर सुरू झाल्याचा आवाज आला. मला इतकं हलकं वाटलं की मी उगाच आशाबाईला दुसऱ्यांदा चहा मागितला.

सकाळी आम्ही चहा घेत होतो तेव्हा वरून ठोकाठोक ऐकू आली. तीन-चार दणके बसले, मग काहीतरी खाली पडलं.

"गुरुजी," वरून खुशाल ओरडला, "पलस्तर उडालं!"

"उडू दे!" मी खालून ओरडलो.