गाड्यांच्या जागेखालची भट्टी

मित्रांनो, मी नानची एक जुनी भट्टी आहे. तुम्ही मला पाहिलेलं नाही आणि आता पाहताही येणार नाही. संभाजीनगरच्या बस स्टँडसमोर एक पाच मजली इमारत आहे. तिच्या तळाला गाड्या उभ्या करायची जागा आहे. त्या जागेच्या फरशीखाली मी गाडलेली आहे.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी माझा जन्म झाला. तेव्हा या शहराला सगळे औरंगाबादच म्हणत. फकिरा कुंभाराने मातीत शेळीचे केस आणि भुसा मळून मला मोठ्या रांजणासारखं घडवलं. रहीम नानवाल्याने मला आपल्या दुकानाच्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरलं आणि आत पहिला विस्तव टाकला.

रहीमनंतर त्याचा मुलगा हबीब माझ्यापुढे बसू लागला. त्याची बायको जोहरा पीठ मळायची. हबीब नान थापून माझ्या पोटाला चिकटवायचा आणि भाजला की सळईने ओढून त्यावर हळद-गुळाचं पाणी फिरवायचा. त्या वासाने स्टँडवर उतरलेली माणसं रस्ता ओलांडून यायची. कुणी दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला आलेलं असायचं, कुणी कोर्टाच्या तारखेला. सोयगावची गाडी लागली की दुकानात पाऊल ठेवायला जागा नसायची. "असा नान दुसरीकडं मिळत नाय," असं लोक म्हणायचे आणि मी मनातल्या मनात आणखी तापायची.

लासूर स्टेशनच्या मनकर्णाबाई रोज स्टँडवर भाजी विकायला बसायच्या. परतीच्या गाडीआधी त्या आमच्या पायरीवर टेकायच्या आणि उरलेलं एखादं वांगं पुढे करायच्या.

"हबीबभाऊ, इस्तू हाय का? एवढं भाजून द्या."

"डालो बाई, उसमें पूछना क्या?" हबीब म्हणायचा.

जोहरा त्यांना पाणी द्यायची. मग दोघी आपापल्या घरचं सुखदुःख बोलत बसायच्या. माझी कित्येक वर्षं अशी गेली.

दुकान काकासाहेबांच्या मालकीचं होतं. त्यांच्या जुन्या खोल्यांचं छत कोसळायला आलं, तेव्हा त्यांनी तिथं इमारत बांधायचं ठरवलं. ते स्वतः येऊन सांगून गेले, "हबीबभाई, तळाचं रस्त्याकडचं दुकान तुमचंच. भट्टी आहे तिथंच राहील." त्या दिवशी जोहराने शेजारीपाजारी शिरा वाटला.

पण काही महिन्यांनी इमारतीचा नकाशा पालिकेच्या कचेरीतून नामंजूर होऊन परत आला. काकासाहेब हबीबला सोबत घेऊन तिथल्या साहेबांना भेटायला गेले. तिथं काय झालं ते हबीबने संध्याकाळी जोहराला सांगितलं, म्हणून मला कळलं. साहेब म्हणाले होते, इमारतीत जेवढी घरं, त्या मानाने मोटारींना जागा सोडावीच लागेल.

"अहो, समोर स्टँड आहे," काकासाहेबांनी विनवलं होतं. "इथं राहणाऱ्याला मोटार कशाला लागतीय? आणि यांची गिऱ्हाइकं तर पायीच येतात."

"तुमचं खरं आहे," साहेब म्हणाले होते. "पण स्टँड जवळ आहे की लांब, हे नियम बघत नाही."

खाली काळा पाषाण होता, तळघर खोदणं काकासाहेबांना झेपणारं नव्हतं. सगळा तळमजला मोटारींना गेला. काकासाहेबांनी वरच्या मजल्यावर गाळा देऊ केला.

"वर भट्टी कशी पेटवायची, काकासाहेब?" हबीब म्हणाला. "आणि हातात पिशव्या घेऊन माणूस नानसाठी जिना चढंल का?"



मजूर पहारी घेऊन आले, तेव्हा हबीब आडवा आला. "इसकू हात नक्को लगाव. मैं करतूं." त्याने टोपलीने माती आणली आणि हळूहळू माझ्यात ओतली. माती गळ्याशी आली तसा तो थांबला. तेव्हा जोहराने त्याच्या हातातली टोपली घेतली आणि शेवटची माती तिने टाकली.

हबीब बजाजनगरला कुणाच्या तरी हॉटेलात गॅसच्या भट्टीवर कामाला लागला. इकडे इमारत उभी राहिली. राहायला आलेले लोक स्टँडवरून बसने जाऊ-येऊ लागले. माझ्या डोक्यावर चार स्कूटर उभ्या राहायच्या, बाकी सगळी जागा मोकळी.

एकदा भर उन्हात मनकर्णाबाई सावलीला येऊन टेकल्या. राखणदार रामकिसन धावत आला.

"आजी, उठा. ही गाड्यांची जागा हाय."

"गाडी कुठंय रे बाबा?"

"नाय आली अजून."

"मग ती येईस्तोवर बसू दे की."

रामकिसन ओशाळला. "वरचे लोक मला बोलतात, आजी."

मनकर्णाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. नंतर त्या कधी आल्या नाहीत.

पुढे नियम बदलला. स्टँडजवळच्या इमारतींनी आता कमी गाड्यांची जागा सोडली तरी चालते. हे कळताच काकासाहेब बजाजनगरला गेले. परत आले तेव्हा त्यांच्यासोबत एकटी जोहरा होती. तिच्या तोंडूनच मला कळलं की गेल्या उन्हाळ्यात हबीब गेला.

"भाभी, हा रस्त्याकडचा कोपरा तुमचा," काकासाहेब म्हणाले. "फरशी फोडून देतो. भट्टी खालीच आहे."

जोहरा खाली बसली. तिने फरशीवर तळहात ठेवला.

"जमीन खोदून भट्टी निघंल, काकासाहेब," ती म्हणाली. "उनको किदर से निकालना?"

मग ती उठली, पदर सारखा केला आणि रस्ता ओलांडून बजाजनगरच्या बसमध्ये बसली.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी शहराचे नकाशे काढेल, कुणी नियम लिहील. मोटारीसाठी जागा आखण्याआधी त्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहा. तिथं माणसं कशी येतात, कुठं टेकतात, कुणाच्या हातचं खातात, ते डोळ्यांनी पाहा. चुकलेला नियम सुधारता येतो, पण त्याने उठवलेलं माणूस तोवर थांबत नाही.

काकासाहेबांनी तो कोपरा अजून कुणालाही दिलेला नाही.