ट्रॉफ्यांच्या कपाटातली कूलामन

मित्रांनो, मी फळांची परडी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण चौसष्ट वर्षं माझ्यासमोर तशी चिठ्ठी लावलेली होती आणि ती खरी की खोटी, हे एकानेही विचारलं नाही. मी एक जुनी कूलामन आहे. तुमच्याकडे पीठ मळायची काथवट असते ना, तशी लांबट, कडा वर वळलेली. फक्त मी लाकडातून कोरलेली नाही, झाडाच्या सालीची आहे. आणि माझा स्वभाव संशयी आहे. तो जन्मापासून नव्हता, पुढे झाला.

माझा जन्म नदीकाठच्या एका लाल निलगिरीवर झाला. पुढे ज्यांच्या नाती माझ्यात निजल्या त्या आजोबांनी कुऱ्हाडीने खोडावर लांबट खूण केली, पाचरी ठोकल्या आणि मला अलगद सोडवून घेतलं. झाडाला काही झालं नाही. ते आजही उभं आहे, अंगावर माझा व्रण घेऊन. मग त्यांनी मला विस्तवावर धरून वाकवलं, चरबी चोळली आणि आकार राहावा म्हणून पोटात गरम वाळू भरली. आजीने तापलेल्या तारेने माझ्या पाठीवर तीन वाकड्या रेघा काढल्या. तिसऱ्या रेघेच्या मध्यावर तार गार झाली आणि ती रेघ तुटकीच राहिली. दोघांची नावं मी घेणार नाही. गेलेल्यांची नावं आम्ही सहसा घेत नाही.

माझ्यात पहिल्यांदा निजली ती आजीची लेक, चार दिवसांची. पुढे त्या लेकीच्या दोन मुली निजल्या, थोरली नोरीन आणि धाकटी मर्ल. मधल्या काळात मी बिया वाहिल्या, मासे वाहिले, एकदा तर कुत्रीची पिल्लंसुद्धा. मी फार सुखात होते.

मर्ल चार वर्षांची असताना गावातल्या शाळेचे एक मास्तर आमच्या, म्हणजे या देशातल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीवर आले. त्या शाळेत तेव्हा आमच्या मुलांना घेत नसत. पण शाळेचा पन्नासावा वाढदिवस होता आणि प्रदर्शनात मांडायला त्यांना काहीतरी जुनं हवं होतं. टोपी काढून ते आजीला म्हणाले, "फक्त एवढ्या सत्रापुरती द्या. परत आणून देतो."

आजीने दिली. टोपी काढणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, असं तिला वाटलं असावं. प्रदर्शन झालं, मास्तरांची बदली झाली आणि मी मुख्याध्यापकांच्या खोलीत क्रिकेटच्या चषकांमागे जाऊन बसले. माझ्या पोटात किल्ल्या साठल्या, तुटकी बटणं साठली. पाहुणे आले की कुणीतरी म्हणे, "किती सुंदर वस्तू आहे." मला त्या कौतुकाचा राग येई. सुंदर म्हणणाऱ्यांपैकी कुणी माझी पाठ उलटून पाहिली नाही.

मग यंदा नव्या मुख्याध्यापिका आल्या, ब्रॉन्विन. त्यांच्यामागोमाग वरून फतवा आला, की प्रत्येक विषयाच्या शिकवण्यात मूळ रहिवाशांची दृष्टी आली पाहिजे. म्हणून दर मंगळवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांनी गोल करून बसायचं, कुणी साहेब नाही, कुणी हाताखालचं नाही, आणि धडे एकत्र ठरवायचे. ब्रॉन्विनबाईंनी कुठल्याशा शिबिरात पाहिलं होतं, की एक वस्तू हातोहात फिरवतात आणि ती ज्याच्या हाती असेल त्यानेच बोलायचं. त्यांनी कपाट उघडलं, किल्ल्या ओतल्या आणि मला उचललं.

मी मनात म्हटलं, आता हे नवीन काय? चौसष्ट वर्षांनी कुणी उचललं तर आनंद व्हायला हवा. मला भीती वाटली.

त्या गोलात गणिताचे डग होते. मी हाती येताच ते म्हणाले, "इतिहासवाल्यांचं ठीक आहे हो. गणितात मी काय घुसडू? दोन आणि दोन नदीकाठी पाच होतात का?" काहीजण हसले. डगनी मला शेजारी दिलं. शेजारी मर्ल होती.

हो, तीच. आता अडुसष्ट वर्षांची. आमच्या मुलांची बाजू पाहायला शाळेने तिला एकोणीस वर्षांपूर्वी नेमलं होतं, आणि सगळी शाळा तिला मर्ल आंटी म्हणायची. पण मुख्याध्यापकांच्या खोलीत तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं. तिने मला मांडीवर घेतलं. तिची बोटं माझ्या पाठीखाली गेली. पहिली रेघ, दुसरी रेघ, तिसरी. तुटक्या जागी बोट थांबलं.

मित्रांनो, मी वाट पाहिली. आता ही बोलेल. पण मर्ल म्हणाली, "माझं आज काही नाही," आणि तिने मला पुढे दिलं.

पुढच्या मंगळवारीही तेच. मला फिरवलं, तिने रेघांवरून बोट नेलं आणि पुढे सरकवलं. मी जळफळले. म्हटलं, ही पण त्यांच्यातलीच झाली. एकोणीस वर्षं यांचा चहा प्यायली, आता कशाला तोंड उघडेल? ब्रॉन्विनबाईंना मात्र ती गप्प होती म्हणजे तिचा होकारच वाटला. त्यांनी आनंदाने फळ्यावर लिहिलं: प्रत्येक वर्गाने कागदाच्या लगद्याची अशीच एकेक परडी करायची, रंगवायची आणि वर्गात बोलताना ती फिरवायची.

तिसऱ्या मंगळवारी मी मर्लच्या हाती आले आणि तिने मला पुढे दिलंच नाही.

"हे बोलताना फिरवायचं भांडं नाही," ती म्हणाली. "आमच्यात यात बाळ निजवतात. मी निजलेय यात. ही माझ्या आजीची आहे."

डग म्हणाले, "आंटी, राग मानू नका, पण अशा बऱ्याच असतील. हीच कशावरून?"

"पाठीवर तीन रेघा आहेत. तिसरी मध्येच तुटलीय. मी उलटून बघितलेलं नाही, तुम्ही बघा."

डगनी मला उलटं केलं. त्यांनी रेघा मोजल्या: तीन, तिसरी तुटकी.

"मग दोन आठवडे बोलला का नाहीत?" ब्रॉन्विनबाईंनी विचारलं.

"मी एकटीने कशी बोलू? थोरली नोरीन आहे ना अजून. तिचाही हक्क आहे हिच्यावर. तिकडे फोन नीट लागत नाही, म्हणून दोन्ही रविवारी चार-चार तास गाडी हाकत गेले. पहिल्या खेपेला म्हातारी नुसती रडली. दुसऱ्या खेपेला म्हणाली, बोल."

मला माझीच लाज वाटली. जिला मी विकली गेलेली समजत होते, ती माझ्यासाठी रस्ता तुडवत होती.

शनिवारी मर्ल ब्रॉन्विनबाई आणि डग या दोघांना माझ्या झाडाकडे घेऊन गेली. ब्रॉन्विनबाईंनी मोठ्या उत्साहाने मला व्रणावर धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. व्रण माझ्या निम्म्याहूनही अरुंद होता.

"बसत नाही," डग हळूच म्हणाले. माझा जुना संशय पुन्हा उठला. आता हे म्हणतील, हिची नाहीच.

मर्ल पोट धरून हसली. "अरे मास्तर, झाड वाढत नाही होय? साल कडेने आत आत येते. तुझी वाट बघत उघडं बसेल ते?"

डगनी खिशातून मोजायची फीत काढली. शेजारच्या झाडावर जुन्या जमीन मोजणीवाल्यांनी खाच पाडून वर्ष कोरलं होतं. ती खाच तेव्हापासून किती मिटली ते त्यांनी मोजलं. मग माझी रुंदी वळणावरून फीत धरून घेतली, व्रणाची घेतली, आणि मला जिथून काढलं होतं तिथेच गुडघ्यावर वही ठेवून त्रैराशिक मांडलं.

"नव्वदच्या आसपास वर्षं," ते म्हणाले.

"माझी आई असती तर यंदा एक्याण्णव पुरी केली असती," मर्ल म्हणाली.

डगनी वही मिटली आणि डोळे पुसले. मग विचारलं, "आंटी, हे गणित मी आठवीला घालू का? तुमचं नाव घालायचं की नाही, तेही सांगा." मर्ल म्हणाली, "नोरीनला विचारून सांगते." या खेपेला डगनी फक्त मान डोलावली.

परत निघताना ब्रॉन्विनबाई म्हणाल्या, "मर्ल आंटी, एवढ्या सत्रापुरती राहू दे ना शाळेत. मुलांना दाखवायला."

त्या जुन्या मास्तरांचेच शब्द होते. मर्ल म्हणाली, "तोही एवढंच म्हणाला होता."

ब्रॉन्विनबाई कानापर्यंत लाल झाल्या. त्या मला दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या होत्या. क्षणभर त्यांची बोटं माझ्या कडांवर आवळली गेली, मला स्पष्ट जाणवलं. मग त्यांनी मला मर्लच्या हातात ठेवलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. त्यापुढे एक शब्द बोलल्या नाहीत, हे मला आवडलं.

मित्रांनो, गेल्या महिन्यात मर्लच्या नातीला मुलगी झाली. सहा दिवसांची असताना ती माझ्यात निजली. चौसष्ट वर्षांनी माझ्या पोटात किल्ल्यांऐवजी काहीतरी हलत होतं.

मंगळवारचा गोल अजून बसतो. हातोहात काही फिरवत नाहीत, ज्याला बोलायचं तो बोलतो. मर्ल कधीकधी मला काखेत मारून वर्गात नेते आणि त्याच दिवशी घरी आणते. शाळेच्या दारातून बाहेर पडेपर्यंत मी अजूनही पावलं मोजते. सवय जात नाही. म्हणून तुम्हाला एवढंच मागते, की कुणाची वस्तू किंवा कुणाची गोष्ट घ्याल तेव्हा ती कुणाची, हे आधी विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. गप्प बसलेलं माणूस हो म्हणत असेलच असं नाही.

ट्रॉफ्यांच्या कपाटात माझी जागा त्यांनी रिकामी ठेवली आहे. फळांच्या परडीची चिठ्ठी काढून टाकली आणि तिथे मर्लच्या अक्षरात दुसरी लावली. तिच्यावर लिहिलं आहे, 'ती घरी गेली. भेटायचं असेल तर विचारा.'