माझ्या डबीत शिरलेलं कार्ड

मित्रांनो, मी घड्याळजींचं एक जुनं भिंग आहे. काळ्या वाटीत बसवलेली जाड काच, एवढंच माझं रूप. आणि लपवून काय उपयोग, आधीच सांगून टाकतो: मी जात्याच मत्सरी आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण माझं आयुष्य गेलं ते आमच्या घड्याळजींच्या उजव्या डोळ्यात. भुवई आणि गाल यांच्या मध्ये ते मला असं धरायचे, की बोलले, हसले, तरी मी पडायचो नाही. माझ्यातून त्यांना केसाएवढी स्प्रिंग दोरीएवढी जाड दिसायची. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल, एक दिवा. मागच्या खोलीत त्यांचा आणि आजींचा संसार. दुरुस्त झालेलं घड्याळ कानाशी धरून गिऱ्हाईक म्हणायचं, काय हात आहे हो तुमचा! हात? आणि दिसत कोणामुळे होतं? पण माझं नाव कोणी घेईल तर शपथ. चिमट्याला ते रोज फडक्याने पुसायचे, तेवढ्यानेही माझ्या पोटात दुखायचं. तरी एका बाबतीत माझा तोरा होता. आतून मखमल लावलेली पत्र्याची डबी फक्त माझी होती. चिमटा बापडा उघड्यावर पडलेला असायचा.

मग ते कार्ड आलं.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी सरकारी आरोग्य विमा निघाला होता आणि घरात आठवडाभर त्याचाच काथ्याकूट चालला होता. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. त्याच्या ऑफिसच्या विम्यात आईवडील होते, पण नोकरी सुटली की तो विमाही सुटणार. खाजगी विमेवाला घरी आला, त्याने आजींचं वय ऐकलं, त्यांच्या हृदयाची झडप खराब आहे हेही ऐकलं आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठला. सरकारी विम्याला मात्र जुना आजार चालत होता. नवराबायकोला मिळून एक कार्ड, आणि दोघांच्या उपचारांसाठी मिळून एक रक्कम. मुलाने सगळं फोनवर समजावलं. घड्याळजी हो हो म्हणत राहिले, पण त्यांच्या डोक्यात 'मिळून एक रक्कम' एवढंच शिरलं. पुढचं त्यांनी ऐकलंच नाही.

कार्ड घरी आलं आणि त्यांनी काय करावं? मला डबीतून काढलं, टेबलावर उपडं ठेवलं आणि माझ्या मखमलीवर त्या गुळगुळीत कार्डाला निजवलं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काल आलेली सवत, आणि तिला माझी गादी. रोज सकाळी डबी उघडून ते कार्ड जागेवर आहे ना बघायचे, बोट फिरवायचे, पुन्हा झाकण लावायचे. मला मात्र हातात घेईनासे झाले. गिऱ्हाइकांना सांगायचे, आता बारीक कामं घेत नाही. मी मनात म्हणायचो, कशाला घ्याल, नवं खेळणं मिळालंय ना!

खरं कारण मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या डोळ्यात साय धरत चालली होती, हे माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलं होतं? पण मत्सर एकदा चढला की कसलं कारण नि कसलं काय.

शेजारच्या न्हाव्याने दाढी करताना ते ओळखलं. मोतीबिंदू आहे, कार्ड आहे, मग ऑपरेशन का करून घेत नाही, असं त्याने विचारलं. घड्याळजी आवाज खाली करून म्हणाले, "रक्कम दोघांत एकच आहे. मी डोळ्यावर उडवली आणि उद्या हिच्या झडपेला कमी पडली तर? हिला मात्र बोलू नकोस." ते ऐकून मला त्या कार्डाचा आणखीच राग आला. ज्याच्यापायी माझा माणूस आंधळा व्हायला तयार होता, असं होतं तरी काय त्यात?

न्हाव्याने तोंड उघडलं नाही. पण आजी काय कच्च्या गुरूच्या चेल्या होत्या? एका दुपारी त्यांनी पाहिलं की हाताशी पडलेला स्क्रू घड्याळजी टेबलभर चाचपतायत. आजींनी कपाटावरची घड्याळाची एक जुनी तबकडी घेतली आणि त्यांच्यासमोर धरून सहज विचारलं, "अहो, यात किती वाजलेत?"

घड्याळजींनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले. "सव्वाचार."

"काटेच नाहीत हिला," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आजी त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. सवयीने मीही बरोबर होतो. कार्ड छातीवरच्या खिशात आणि मी पँटच्या, किल्ल्यांशेजारी. तिथेही डावं-उजवं! मदतीच्या खिडकीत बसलेल्या ताईंनी घड्याळजींचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजोबा, ही रक्कम एकदाच मिळत नाही. दरवर्षी नव्याने मिळते. आणि डोळ्याला त्यातली थोडीशीच लागेल."

"म्हणजे चावीचं घड्याळ," आजी म्हणाल्या. "उतरलं की पुन्हा चावी द्यायची."

घड्याळजींनी खिशातलं कार्ड काढून खिडकीत सरकवलं.

ऑपरेशन झालं. काही दिवसांनी ते दिवा लावून टेबलाशी बसले. मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. त्यांनी मला उचललं, फुंकर मारली, डोळ्याशी नेलं. तेवढ्यात आजी चहा घेऊन आल्या आणि घड्याळजींनी सहज वर पाहिलं. मला त्यांनी तसंच खाली ठेवून दिलं.

"तुझे ओठ कधीपासून निळे पडलेत गं?"

आजींनी पदराने तोंड पुसलं, जसं काही ते पुसलं जाणार होतं. "तुम्हाला दिसत नव्हतं तोवर बरं चाललं होतं माझं," त्या म्हणाल्या. "आधी तुमचा डोळा होऊ दे म्हटलं."

घड्याळजींनी चहाला हातही लावला नाही. कार्ड घेतलं, आजींचा हात धरला आणि दोघं तशीच बाहेर पडली. मी टेबलावर दिव्याखाली एकटा. त्या दिवशी मला त्या कार्डाचा जेवढा हेवा वाटला तेवढा कधीच वाटला नाही. ते आजींच्या उपयोगाला येणार होतं, आणि मी नुसता बघत बसणार होतो. मनात म्हटलं, जा बाबा, तेवढं काम नीट कर, मग डबी जन्मभर तुझी.

आजींची झडप बदलली. त्या परतल्या तेव्हा ओठांवर रंग होता. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातली म्हातारी माणसं 'मला काही होत नाही' म्हणतात ना, ते खरं मानून खेळायला पळू नका. विम्याचे नियम त्यांना शेवटपर्यंत वाचून दाखवा. आणि जरा उजेडात बसवून त्यांच्या तोंडाकडे नीट बघा. मला कितीही झोंबलं तरी सांगतो, त्याला भिंग लागत नाही.