सपनाच्या हातचं मीठ

त्या रविवारी संध्याकाळी देवानंदच्या किराणा दुकानासमोर चपलांचा ढीग पडला होता. आदिलाबादजवळच्या इचोड्यातली ती अर्धी गल्ली आत टीव्हीपुढे बसली होती, आणि का नाही बसणार? त्याची सहावीतली पोर सपना हैदराबादला जाऊन मुलांच्या स्वयंपाक स्पर्धेत उतरली होती. ‘चिन्नी चेतुल वंटा’, म्हणजे चिमुकल्या हातांचा स्वयंपाक. शूटिंगला महिना झाला होता. निकाल कुणाला सांगायचा नाही असं चॅनलवाल्यांनी बजावलं होतं, म्हणून घरची सगळी तोंडाला कुलूप लावून होती. सपनाची आई रंजीता मात्र कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती आणि तिला जे लपवायचं होतं ते निराळंच होतं.

त्याचं असं आहे, या घरात देवापुढे ताट ठेवल्याशिवाय कुणी काही चाखत नाही. रांधणारीनं तर मुळीच नाही. देवाला उष्टं कसं दाखवायचं? रंजीता नवी सून म्हणून आली तेव्हा सासूनं तिला हे शिकवलं, तिनं सपनाला शिकवलं. चाखायचंच नाही म्हटल्यावर मीठ हाताला कळावं लागतं, आणि पोरीच्या हाताला ते असं कळायचं की बोलायची सोय नाही. तळहातावर खडे मीठ घ्यायची, वाफ हुंगायची, टाकायची. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. शेवटी घरात मीठ घालायचं काम तिचंच होऊन बसलं. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारायची, “आई, वरन उकळलं का?”

स्टुडिओतलं मीठ मात्र बारीक होतं, पिठासारखं. आदिलाबादच्या निवड फेरीला सामान घरचं होतं, इथं सगळं त्यांचं. सपनानं अंबाडीच्या भाजीत तळहातावर नेहमीएवढंच मीठ घेऊन टाकलं. बारीक मीठ तेवढ्याच तळहातावर जास्त बसतं हे एवढ्याशा पोरीला कुठून कळणार? वर प्रेक्षकांत बसलेल्या तिच्या आईलासुद्धा कळलं नाही.

परीक्षक हॉटेलातले मोठे आचारी होते. माणूस सरळ. स्पर्धेतल्याच करीमनगरच्या एका पोराजवळ गेले तसे सपनाजवळही गेले, आणि दोघांनाही तेलुगूत तेच म्हणाले, “एकदा चाखून बघ, बाळ.” सपनानं चमचा भरला, ओठांपर्यंत नेला आणि सवयीनं वर पाहिलं, जिथं मुलांचे आईबाप बसले होते.

रंजीतानं मान हलवली. नको.

विचार करून नाही हो. तिथं देव कुठला न् नैवेद्य कुठला, नुसते दिवे आणि कॅमेरे. पण इतक्या वर्षांची सवय, मान हलली ती हललीच. पोरीनं चमचा खाली ठेवला.

आता टीव्हीवर हे सगळं कापून-छाटून दाखवलं. परीक्षक करीमनगरच्या पोराला सांगतात, तो चाखतो, मीठ वाढवतो, हे दिसलं. सपनाला सांगितलेलं कापलं होतं. रंजीताची मान तर कुठंच नव्हती. नुसती सपना चमचा खाली ठेवताना दिसली. मग परीक्षकांनी भाजी तोंडात घातली आणि लगेच पाणी घेतलं.

“मीठ फार झालं, बाळ. चाखलं नाहीस?”

“विसरले,” टीव्हीतली सपना म्हणाली. कप त्या पोराला गेला.

झालं, गल्ली उसळली. शेजारची बयनाबाई सगळ्यांत पुढे. “पायलं? त्या पोट्ट्याले सांगतलं चाखून पाय म्हनून. आपल्या पोरीले काऊन नाही सांगतलं?”

“मी उद्या फोनच करतो त्यायले,” देवानंद म्हणाला. तो दुकान सोडून हैदराबादला गेला नव्हता, त्याला काय ठाऊक. “असा कुठं न्याय असते का? रंजीता, तू तं तिथंच होती. त्या मानसानं सपनाले सांगतलं होतं का?”

सगळ्यांनी वळून रंजीताकडे पाहिलं. सांगतलं होतं, मीच नको म्हटलं, एवढंच तर म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण समोर गल्ली बसलेली, नवरा बसलेला. पोरीचा कप आईनं घालवला, हे उद्या बाजारभर होणार. लाज फार वाईट असते बघा.

“मले दुरून आयकू नाही आलं,” ती म्हणाली.

सपनानं आईकडे पाहिलं. पाहिलं, आणि मान खाली घातली.

“सांगतलं होतं त्यायनं मले,” ती म्हणाली. “मीच विसरली.”

“अवं, चाखाचं का कोनी विसरते?” बयनाबाई म्हणाली. दोघीचौघी हसल्या. मग चपला शोधत सगळे आपापल्या घरी गेले. सपनानं चहाचे कप गोळा केले, विसळले, पालथे घातले.

हरून आल्यावरही महिनाभर ती पोर घरात मीठ घालत होती. हार तिनं केव्हाच पचवली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती उंबऱ्यात अभ्यासाला बसली. वरण उकळलं, पार उतू जायला आलं, तरी तिनं विचारलं नाही. रंजीतानं वाट पाहिली. मग पळीत वरण घेतलं, फुंकर घातली आणि उंबऱ्यापाशी नेलं.

“सपना, चाखून सांग बाई, मीठ बरोबर हाय का.”

सपनानं दोन्ही हात मागे घेतले.

“देव काही म्हनत नाही. मी सांगून राह्यली नं.”

“नको आई. मले नाही कळत मिठाचं.” रागानं नाही, साधंच म्हणाली, आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

रंजीता चुलीपाशी परतली. देवाचं ताट अजून रिकामंच होतं. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिनं नैवेद्याआधी पळी तोंडाला लावली. वरणात मीठच नव्हतं. तिनं घातलंच नव्हतं, ते रोज सपना घालायची.