भिंगावरचं कुंकू

मित्रांनो, सिनेमा दाखवणारा मी एक जुना प्रोजेक्टर आहे. माझी खडखड ऐकून हसू नका. याच खडखडीवर म्हैसुरातल्या सरस्वतीपुरमच्या फिल्म क्लबाने तीस वर्षं स्वप्नं पाहिली आहेत.

मला चालवायचे खंडोजीराव. घराणं जुन्या म्हैसूर फौजेतलं, पण हात कसा हलका! बेळगोळच्या कारखान्यातून सुटले की दर शनिवारी ते मला पुसून उभे करायचे. त्यांची आणि माझीही लाडकी एकच, जपानी नटी मित्सुए हिराओका. सोळाव्या वर्षी ती पडद्यावर धुणेवाली म्हणून आली. मग नायिका झाली, आई झाली. तिचे केस माझ्याच उजेडात पिकले. जपानी कुणाला कळत होतं हो? पण ती नुसती चहाची वाटी खाली ठेवायची आणि माणसं डोळे पुसायची. खंडोजीरावांच्या भवानीबाई तर तिच्यासारखाच अंबाडा घालू लागल्या. नवऱ्यावर रागावल्या की कॉफीचा पेला न बोलता तसाच हळू ठेवायच्या. खंडोजीराव लगेच माफी मागायचे!

पुढे क्लब मोडला आणि गेल्या वर्षी खंडोजीरावही गेले. मी त्यांच्या घरच्या अडगळीत पडलो. भवानीबाईंनी बोलणंच टाकलं. खरं सांगतो, अंगावरच्या धुळीपेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

यंदा दसऱ्यातल्या आयुधपूजेला, म्हणजे अवजारं-यंत्रं पुजायच्या दिवशी, नात यशस्विनीने मला बाहेर काढलं. अज्जीला बोलतं करायचं, एवढाच तिचा ध्यास. तिने मला झेंडू वाहिला आणि ओलं कुंकू लावलं ते थेट भिंगावर! खंडोजीरावांनी हे कधी होऊ दिलं नसतं. दुपारीच पडदे ओढून तिने भिंतीवर मित्सुएचा शेवटचा चित्रपट लावला. काळ्यापांढऱ्या चित्रातली ती म्हातारी विधवा गुलाबी धुक्यातून हळूहळू चालत आली.

भवानीबाई बघत राहिल्या. मग खुदकन हसल्या.

“अय्यो, भिंगालाच कुंकू लावलीस की गं! तुझे अज्जा असते तर घर डोक्यावर घेतले असते.”

“चुकलं अज्जी. पुसू?”

“तू सुम्ने बस, काही करू नकोस. मी पुसते.”

त्यांनी खंडोजीरावांचा मऊ रुमाल आणून मला पुसलं. थोडं कुंकू बोटाला राहिलं. त्याकडे त्या क्षणभर पाहत राहिल्या आणि ते त्यांनी आपल्या कपाळाला लावलं.

“आता पहिल्यापासून लाव,” त्या म्हणाल्या.

तर मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जपा. भिंगाला कुंकू लावू नका. आणि चुकून लागलंच, तर ते पुसायला घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारा.